चरबीवर पोसलेले उंदीर, अर्धपोटी वाढलेले उंदीर

प्रयोगशाळेतल्या उंदराला चरबीने भरलेले खाणे सतत दिले, तर तीन-चार महिन्यांत त्याचे वजन जवळजवळ दुप्पट होते, यकृत फिकट आणि तेलकट होते आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते. चयापचयाच्या अभ्यासात इतक्या हुकमीपणे घडवून आणता येणारे बदल फार थोडे आहेत. म्हणूनच लठ्ठपणा आणि मधुमेह यांवरच्या संशोधनात हा चरबीवर पोसलेला उंदीर जगभर वापरला जातो. त्याने शिकवले ते पुष्कळ आहे. पण पुणे जिल्ह्यात, आणि त्यातही भोर, वेल्हे यांसारख्या डोंगरी तालुक्यांत, ते जसेच्या तसे लावायला गेले की एक गोष्ट हातून निसटते. हा उंदीर कधीच उपाशी राहिलेला नसतो. तो नाही, त्याची आई नाही, पणजीची पणजीही नाही. ही निसटणारी गोष्ट धरून ठेवण्याचे काम पुण्यातच झाले, माणसांवर आणि उंदरांवरही.

आधी शब्दांचा घोळ निस्तरायला हवा. मराठीत ‘उंदीर’ या एका शब्दात दोन निराळे प्राणी बसतात. घरात कणगीमागे खुडबुडणारा वीस-पंचवीस ग्रॅमचा लहान उंदीर हा एक, इंग्रजीतला माऊस. त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जड असलेला मोठा उंदीर हा दुसरा, म्हणजे रॅट. पुढच्या हकिकतीत दोघेही येतात आणि त्यांची गल्लत झाली की निष्कर्षांचीही गल्लत होते. भोर-वेल्ह्याच्या (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे) भातखाचरांच्या बांधांत बिळे करून लोंब्या साठवणारी घूस आणखी वेगळी. आणि शेजारच्या सिंहगडाच्या पठारावरचा, १९७५ साली नवी जात म्हणून नोंदला गेलेला मऊ केसांचा ‘कोंडाणा’ उंदीर तर दुर्मिळ वन्यप्राणी. त्याचा प्रयोगशाळेशी काही संबंध नाही.

प्रयोगशाळेतला लहान उंदीर मूळचा घरातलाच, पण शंभराहून अधिक वर्षे पिंजऱ्यात वाढवलेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी गावी ॲबी लॅथ्रॉप नावाच्या माजी शिक्षिका हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकत असत. त्यांच्याकडच्या उंदरांपासून क्लॅरेन्स लिटल या शास्त्रज्ञाने १९२१ साली भावाबहिणींचा संकर करत काळ्या उंदरांचा एक वाण काढला. ‘सी५७ ब्लॅक ६’ हे त्याचे आजचे नाव. लिटल यांनीच १९२९ साली मेन राज्यात जॅक्सन प्रयोगशाळा सुरू केली आणि तिथून हा वाण जगभर गेला. पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्यांतच संकर झाल्याने या वाणाचे सारे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जुळ्या भावंडांसारखे असतात. प्रयोगासाठी हे फार सोयीचे. दोन गटांत फरक दिसला तर तो खाण्यामुळेच, असे छातीठोकपणे म्हणता येते.

१९८८ साली ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड सर्विट यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की हा काळा उंदीर साध्या खाण्यावर सडपातळ राहतो, पण चरबी आणि साखर वाढवली की लठ्ठ होतो आणि त्याच्या रक्तातली साखर व इन्सुलिन दोन्ही चढतात. त्याच प्रयोगात ‘ए/जे’ नावाच्या दुसऱ्या वाणाला तेच खाणे दिले, तर तो बराच तगून राहिला. म्हणजे ‘चरबीने मधुमेह होतो’ हे विधान पहिल्या दिवसापासूनच अपुरे होते. ‘अमक्या वाणाच्या उंदराला’ हे शब्द त्यात घालावेच लागतात. पुढे मात्र बहुतेकांनी काळा उंदीरच हाताशी धरला, कारण तो हटकून लठ्ठ होतो.

त्याला देतात ते खाणे म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या. सर्वांत प्रचलित प्रकारात एकूण उष्मांकांपैकी ६० टक्के चरबीतून येतात आणि उरलेले निम्मे-निम्मे प्रथिनांतून व कर्बोदकांतून. चरबी मुख्यतः डुकराची, जोडीला थोडे सोयाबीनचे तेल. तुलनेसाठीच्या खाण्यात चरबीचा वाटा १० टक्के. गोळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्यांना रंग देतात. ६० टक्केवाल्या गोळ्या निळ्या. एका ग्रॅममध्ये निळ्या गोळीत सव्वापाच किलोकॅलरी, साध्या गोळीत पावणेचारच्या जरा वर. उंदराला हा फरक काही अंशी कळतो. निळी गोळी तो ग्रॅमच्या हिशेबात कमी खातो, पण पुरेशी कमी खात नाही. रोजची ती थोडीशी चूक बारा आठवडे साचत जाते.

६० टक्के म्हणजे किती, हे स्वयंपाकघराच्या मापात मांडल्याशिवाय कळत नाही. रोज २,००० किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाने या उंदराची बरोबरी करायची ठरवली, तर त्याला दिवसाला सुमारे १३३ ग्रॅम चरबी लागेल. आठवड्याला जवळजवळ एक लिटर तेल, एकट्याला. चौघांच्या घरात पंधरा किलोचा डबा महिनाभर पुरणार नाही. दूध, शेंगदाणे, खोबरे यांतली न दिसणारी चरबी या हिशेबात धरली, तरी लग्नसराईतही कोणी सलग तीन महिने असे जेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे ३० टक्के, म्हणजे याच माणसाला सहासष्ट-सदुसष्ट ग्रॅम. तेव्हा प्रयोगातला उंदीर वडापाव खाणाऱ्या माणसाची नक्कल करत नसतो. वर्षानुवर्षांत हळूहळू घडणारी गोष्ट काही आठवड्यांत आटोपावी म्हणून केलेली ती अतिशयोक्ती आहे.

खाणे बदलल्यावर पहिली हालचाल यकृतात होते, आणि ती वजन वाढण्याची वाट पाहत नाही. मोठ्या उंदरांवरच्या प्रयोगांत तिसऱ्या दिवशीच यकृताने इन्सुलिनचे म्हणणे नीट ऐकणे सोडलेले आढळते. स्नायूंना ती पाळी यायला तीनेक आठवडे लागतात. इन्सुलिनचे यकृतापुरते काम दुहेरी आहे. जेवणानंतर साखर रक्तात सोडू नकोस हा एक निरोप, आणि जास्तीच्या साखरेची चरबी करून ठेव हा दुसरा. यकृताच्या पेशींत स्निग्ध पदार्थांचे अर्धवट तुकडे साचले, की पेशीच्या दारातून आत निरोप नेणारी साखळी अडखळते. गंमत अशी की पहिला निरोप पोहोचेनासा होतो, दुसरा मात्र पोहोचत राहतो. म्हणून यकृत साखरही सोडते आणि चरबीही करत राहते. लठ्ठ माणसाच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ असा शेरा येतो, त्यामागे बऱ्याच अंशी हाच घोटाळा असतो.

मेंदूही लवकर बिघडतो. भूक सांभाळणारा हायपोथॅलॅमस हा भाग आहे. चरबीचे खाणे सुरू झाल्यापासून एक ते तीन दिवसांत तिथे दाहाच्या खुणा दिसतात, हे २०१२ साली अमेरिकेतल्या एका गटाने दाखवले. मेदपेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडून ‘साठा पुरेसा आहे’ असे मेंदूला कळवत असतात. १९९४ साली ते सापडले तेव्हा लठ्ठपणावरचे औषधच हाती लागले असे अनेकांना वाटले होते. पण चरबीवर पोसलेल्या उंदराच्या रक्तात लेप्टिन कमी नसते. उलट भरपूर असते. मेंदूच ऐकत नाही. इन्सुलिनचे जे यकृतात, तेच लेप्टिनचे मेंदूत.

दुसऱ्या महिन्यात खरे नाट्य मेदात घडते. साठवण हेच मेदपेशीचे काम, आणि ती ते इमानाने करत फुगत जाते. एका मर्यादेपलीकडे फुगलेल्या पेशी मरू लागतात. त्यांचा चिखल उपसायला मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडे करून बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखे दिसते. सडपातळ उंदराच्या मेदात या सफाई-पेशी शेकडा दहाच्याही खाली असतात, अतिलठ्ठ उंदराच्या मेदात त्या निम्म्यापर्यंत जातात. २००३ साली दोन गटांनी हे स्वतंत्रपणे नोंदवले. या पेशी दाह वाढवणारी रसायने सोडतात. त्यांतल्या एकाचा, टीएनएफचा, इन्सुलिनच्या कामात अडथळा येतो हे त्याआधी दहा वर्षे, १९९३ मध्येच कळलेले होते. शरीरावर जखम नाही, ताप नाही, तरी आत मंद आग धुमसत राहते. मेदात जागा उरली नाही की चरबी यकृतात, स्नायूंत, जिथे तिचे घर नाही तिथे जाऊन बसते.

आतड्याचाही यात हात आहे. चार आठवडे चरबीचे खाणे दिल्यावर उंदरांच्या रक्तात जिवाणूंच्या आवरणातले एक विष, एंडोटॉक्सिन, दोन ते तीन पट वाढल्याचे २००७ साली युरोपातल्या शास्त्रज्ञांनी मोजले. संसर्ग होण्याइतके ते नसते, पण मेदातली आग धुमसत ठेवायला पुरते.

हे सारे मोजायचे कसे? सर्वांत साधी रीत माणसांवरच्या चाचणीसारखीच. उंदराला काही तास उपाशी ठेवून ग्लुकोज देतात आणि शेपटीच्या टोकातून थेंबभर रक्त घेऊन दोन तासांपर्यंत साखर पाहतात. निरोगी उंदराची साखर चढून दोन तासांत उतरते. निळ्या गोळ्यांवरच्या उंदराची चढलेलीच राहते. याहून बारकाईने पाहायचे तर उंदराला बंद पिंजऱ्यात ठेवून तो किती प्राणवायू घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो हे मोजतात. कार्बन डायऑक्साइडला प्राणवायूने भागून येणारा आकडा एकाजवळ असेल तर शरीर कर्बोदके जाळत आहे, ०.७ च्या जवळ असेल तर चरबी. साध्या खाण्यावरच्या उंदरात हा आकडा रात्री चढतो, दिवसा उतरतो, कारण उंदीर निशाचर आहे. चरबीवरच्या उंदरात तो दिवसरात्र खालीच रेंगाळतो. इंधन बदलण्याची लवचीकता गेलेली असते.

या ठिकाणी एक गोष्ट अनेक लेखांतून गाळली जाते. एवढे सगळे होऊनही काळ्या उंदराला माणसासारखा उघड मधुमेह सहसा होत नाही. त्याचे स्वादुपिंड हार मानत नाही. इन्सुलिन करणाऱ्या बीटा पेशी वाढतात, रक्तातले इन्सुलिन कित्येक पट होते आणि साखर बेताचीच वर जाते. म्हणून संशोधक अनेकदा चरबीच्या खाण्याबरोबर बीटा पेशी मारणारे स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन थोड्या मात्रेत टोचतात. माणसात ही बीटा पेशींची कमकुवत बाजू कुठून येते, याचे उत्तर निळ्या गोळीत नाही. ते पुण्याच्या प्रयोगात शोधावे लागते.

चरबीच्या प्रयोगांवर घ्यायचे आक्षेप आणखीही आहेत. माद्या नरांइतक्या सहज लठ्ठ होत नाहीत, म्हणून बहुतेक प्रयोग नरांवर. आणि निष्कर्ष मात्र सगळ्यांना लावले जातात. प्रयोगशाळेचे तापमान माणसाच्या सोयीने २२ अंशांच्या आसपास ठेवतात. उंदराला सुखाचे तापमान ३० अंश. २२ अंशांत तो सतत थंडीने कुडकुडत असतो आणि निव्वळ अंग गरम ठेवायला बरीच ऊर्जा जाळतो. काही प्रयोगांत तुलनेसाठी दिलेले खाणे साधे धान्याचे असते, त्यात तंतू भरपूर. चरबीच्या खाण्यात तंतू निराळे आणि थोडे. मग फरक चरबीमुळे पडला की तंतूंमुळे? हा प्रश्न लाजिरवाणा वाटावा इतका सोपा आहे, तरी तो कितीतरी निबंधांत विचारलेलाच नसतो. एकाच साच्यातले उंदीर एकाच पिंजऱ्यात एकच खाणे खाऊनही सारखे लठ्ठ होत नाहीत, हेही विसरायला नको.

उंदीर कधी खातो, हा वेळेचा मुद्दा मात्र आक्षेपापेक्षा शोध म्हणूनच मोलाचा ठरला. अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत सच्चिदानंद पांडा यांच्या गटाने २०१२ साली उंदरांना तेच चरबीचे खाणे दिले, पण एका गटासमोर ते दिवसरात्र ठेवले आणि दुसऱ्यासमोर रात्रीच्या आठच तासांत. दोन्ही गटांनी जवळपास तितकेच उष्मांक खाल्ले. आठ तासवाले लठ्ठ झाले नाहीत, त्यांचे यकृतही बरेच शाबूत राहिले.

आणि शेवटी, निळ्या गोळ्या बंद केल्या की काय होते? आधी लठ्ठ झालेला उंदीर पुन्हा साध्या खाण्यावर आणला, तर काही आठवड्यांत वजन उतरते, यकृतातली चरबी ओसरते, ग्लुकोजची चाचणी बरीचशी पूर्वपदावर येते. मेदपेशींत जुन्या लठ्ठपणाची काही आठवण उरते आणि असा उंदीर पुन्हा चरबीवर सोडला की लवकर फुगतो, हे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे. तरीही, मोठेपणी खाल्लेल्या चरबीने केलेले नुकसान पुष्कळ अंशी परतवता येते. हे वाक्य लक्षात ठेवून पुण्याकडे वळायला हवे.

भोर आणि वेल्हे हे तालुके सह्याद्रीच्या कुशीतले. तोरणा, राजगड यांच्या पायथ्याशी, भाटघर, पानशेत, वरसगाव या धरणांच्या पाण्याभोवती वसलेल्या गावांत पावसाच्या पाण्यावरचा भात खाचरांत आणि नाचणी, वरी, कारळे डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत, अशी शेती चालत आली. नाचणीची भाकरी, भात, एखादे कोरड्यास, पावसात रानभाज्या; तेल कारळ्याचे नाहीतर शेंगदाण्याचे, आणि तेही मोजून. चढउतार पायी. अशा जेवणात चरबी फार नव्हती, पण इतर गोष्टीही फार नव्हत्या. दुधाचा बराचसा भाग डेअरीला जायचा. गेल्या पिढीत रस्ते झाले, सातारा महामार्गावरची नसरापूरसारखी गावे बाजारपेठा झाली, खाद्यतेल पिशवीतून दारात येऊ लागले. शरीर मात्र आधीच्या पिढ्यांचेच.

अशा शरीराचा नीट अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केला. १९९३ साली त्यांनी जिल्ह्यातल्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून स्त्रियांची वजनमापे, खाणे आणि कष्ट नोंदवले, मग त्यांची बाळे मोजली. ही गावे भोर-वेल्ह्यातली नव्हेत, पण कष्ट आणि पोषणाची तंगी यांत साम्य पुष्कळ. आया दिवसाला सुमारे १,८०० किलोकॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिने खात होत्या. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. इतपत अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हते ते पुढेच. ही आठशे ग्रॅमची तूट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातले अवयव खूप कमी. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच. नाळेतल्या रक्तात इन्सुलिन आणि लेप्टिनही वजनाच्या मानाने जास्त. काडीसारखे हातपाय आणि तरीही आत मेद, अशी ही बाळे. ‘कृश पण मेदयुक्त’ असे त्यांचे वर्णन होऊ लागले.

मोठेपणी हे शरीर कसे दिसते, याचे उदाहरण याज्ञिक यांनी स्वतःच्या रूपाने दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी एकत्र छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघांत काडीचाही फरक दिसला नसता.

सहा गावांतल्या त्या अभ्यासातला एक निष्कर्ष चरबीच्या उंदरांवर विश्वास ठेवणाऱ्याला बुचकळ्यात टाकेल. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्याला ज्या आयांच्या खाण्यात चरबी आणि दूध जास्त होते, त्यांची बाळे मोठी झाली. आघारकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव यांनी सहकाऱ्यांसह २००१ साली हे मांडले. पुढे अठ्ठावीसाव्या आठवड्याला पालेभाज्या आणि फळे खाणाऱ्या आयांच्या बाबतीतही असेच दिसले, आणि एकूण उष्मांकांचा किंवा प्रथिनांचा संबंध मात्र दिसला नाही. विहिरीवरून पाणी आणणे, शेतात राबणे असे कष्ट जास्त तशी बाळे लहान. म्हणजे ज्या घरात तूप दुर्मिळ तिथे तुपाचा चमचा गुण करतो. त्याच घरातला मुलगा वीस वर्षांनी शहरात बसून काम करू लागला, की तोच चमचा वेगळा हिशेब मांडतो. पहिल्या परिस्थितीसाठी निळ्या गोळीवरच्या उंदराकडे काही उत्तर नाही.

दुसऱ्या परिस्थितीसाठी वेगळा उंदीर लागतो, आणि तो भारतात होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत विस्टार जातीच्या मोठ्या उंदरांना पिढ्यान्‌पिढ्या अपुऱ्या पोषणावर वाढवले गेले. अशा पन्नास पिढ्या झाल्या. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात, आणि पुढे सिडनी विद्यापीठात गेलेल्या आनंद हर्डीकर यांच्या नेतृत्वाखाली या उंदरांची तपासणी झाली. निष्कर्ष २०१५ साली ‘सेल मेटाबोलिझम’ या नियतकालिकात आले. उंदीर जन्मतः हलके, पण पोटातली चरबी जास्त. इन्सुलिन जास्त, लेप्टिन जास्त, एंडोटॉक्सिन जास्त. बी१२ आणि फोलेट ही जीवनसत्त्वे कमी. स्ट्रेप्टोझोटोसिन टोचल्यावर मधुमेह होण्याची शक्यता साध्या उंदरांच्या आठपट.

यादी पुन्हा वाचावी अशी आहे. आत साचलेला मेद, चढलेले इन्सुलिन, चढलेले लेप्टिन, रक्तातले एंडोटॉक्सिन: ही निळ्या गोळ्यांवर पोसलेल्या उंदराचीच लक्षणे, फक्त इथे चरबी दिलेलीच नव्हती. उलट टोकाने निघून दोन्ही उंदीर एकाच मुक्कामाला पोहोचले. फरक उरला तो स्वादुपिंडाचा. पोटभर खाणारा काळा उंदीर बीटा पेशी वाढवून टिकाव धरतो. पन्नास पिढ्या अर्धपोटी राहिलेला विस्टार स्ट्रेप्टोझोटोसिनपुढे चटकन कोसळतो.

आणि मोठा फरक परतण्याचा. संशोधकांनी या उंदरांच्या काही पिल्लांना नेहमीचे, पोटभर खाणे दिले, एक नव्हे तर दोन पिढ्या. रक्तातल्या आणि मेदातल्या बिघाडांनी माघार घेतली नाही. इन्सुलिनच्या एका जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर, म्हणजे ते जनुक चालू-बंद करणाऱ्या जागेवर, वेगळ्या रासायनिक खुणा आढळल्या आणि चांगल्या खाण्यानेही त्या पुसल्या गेल्या नाहीत. जनुकाची अक्षरे तीच, पण त्यांवर पडलेले शेरे वारशाने पुढे गेले. मोठेपणी चरबी खाऊन बिघडलेला उंदीर काही आठवड्यांत सुधारतो. पिढीजात उपासाने घडलेला दोन पिढ्यांत सुधारत नाही.

पन्नास पिढ्या म्हणजे माणसाच्या हिशेबात सुमारे साडेबाराशे वर्षे. सतराव्या शतकाच्या मध्याला शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला, तेव्हापासून वेल्ह्यात पंधराएक पिढ्याच झाल्या आहेत. उंदरांचा प्रयोग जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, हे या आकड्यावरूनच उघड आहे. डोंगरी मावळातल्या माणसांच्या सगळ्या पिढ्या सारख्याच उपाशी नव्हत्या, आणि १८७६-७८ किंवा १९७२ चा दुष्काळ प्रत्येक गावात सारखा आला नाही. उंदरांच्या खाण्यात मात्र पन्नासही पिढ्या एकसारखी तूट होती. ती इथेही अतिशयोक्तीच आहे, निळ्या गोळ्यांइतकीच. फक्त दुसऱ्या बाजूची.

पुण्याच्या अभ्यासात माणसांतही बी१२ ची कमतरता ठळकपणे पुढे आली. दोन-तृतीयांशाच्या आसपास गरोदर स्त्रियांत ती होती. शाकाहारी जेवण आणि दुधाचा अभाव हे मुख्य कारण. ज्या आयांच्या रक्तात बी१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी अधिक मेदयुक्त आणि इन्सुलिनला कमी दाद देणारी निघाली, हे २००८ साली प्रसिद्ध झाले. गरोदरपणात फोलेटच्या गोळ्या सगळीकडे वाटल्या जातात, बी१२ च्या नाही; या निष्कर्षाने अनेक डॉक्टरांना अस्वस्थ केले ते यामुळेच.

मग पुढची पिढी कशी बदलायची, या प्रश्नासाठी २०१२ साली त्याच गावांत ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला. पहिल्या अभ्यासात जन्मलेली मुले-मुली आता किशोरवयात आली होती. त्यांच्यातल्या काहींना रोज दोन मायक्रोग्रॅम बी१२, काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्मपोषके आणि काहींना निव्वळ दिखाऊ गोळी दिली गेली. गोळ्या मुलांनाही दिल्या, मुलींनाही, कारण आईइतकाच बापाचाही वाटा असू शकतो हे उंदरांच्या प्रयोगांतून कळले होते. २०१० साली ऑस्ट्रेलियात नर उंदरांना चरबी खाऊ घातल्यावर त्यांच्या लेकींचे स्वादुपिंड कमकुवत झालेले आढळले होते; मादीच्या खाण्यात काहीच बदल केला नव्हता. पुण्याजवळच्या गावांत १९९३ नंतर ज्यांना पाळण्यात मोजले, त्यांच्या बाळांचे वजन, नाळेतले रक्त आणि मेद पुढे मोजला गेला. उंदरांत पन्नास पिढ्या मोजल्या गेल्या. माणसांत आत्ता कुठे तिसरी काट्यावर आली आहे.